साक्षीदारांच्या जबान्या: कॉस्मिक हॉररचा एक संग्रह वाचताना

कॉस्मिक हॉररच्या, म्हणजे अफाट विश्वापुढे माणूस क्षुद्र ठरण्याच्या भयाच्या, कथांचा एक जाडजूड संग्रह नुकताच वाचून संपवला. कथा १८९५ पासून १९३६ पर्यंतच्या, प्रसिद्धीच्या क्रमाने लावलेल्या. आधी रॉबर्ट चेंबर्स, आर्थर मॅकन, अल्जरनॉन ब्लॅकवुड आणि मग अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्टच्या पुष्कळ. भयकथांची गोडी मला फार आधीपासूनची. नारायण धारपांच्या ज्या कथांत दुष्ट शक्तींशी लढणारे 'समर्थ' असायचे, त्या वाचताना अंधारातून काहीही बाहेर आलं तरी मनात एक भरवसा असायचा. समोरच्या शक्तीला माणसाचं काहीतरी हवं आहे, म्हणजे तिच्याशी लढता येतं, आणि लढणारं कुणीतरी आहे. या संग्रहातल्या शक्तींना माणसाकडून बहुतेक वेळा काहीच नको असतं. माणूस नावाचं काही आहे याची कित्येकींना दखलही नसते. हा फरक मलपृष्ठावरच्या मजकुरातून कळत नाही, एकामागून एक कथा वाचत गेल्यावर हळूहळू अंगात भिनतो. तो कसा भिनत गेला, ते सांगते.

सुरुवात चेंबर्सच्या 'द किंग इन यलो' या १८९५ च्या पुस्तकातल्या कथेने झाली. त्या पुस्तकातल्या पहिल्या चार कथांमध्ये एका नाटकाचा उल्लेख येत राहतो. त्याचा दुसरा अंक जो वाचतो, त्याचं डोकं फिरतं. चेंबर्स तो दुसरा अंक आपल्याला कधीच वाचू देत नाही, हे त्याचं मोठं शहाणपण. 'द रिपेअरर ऑफ रेप्युटेशन्स' या कथेचा निवेदक हिल्ड्रेड घोड्यावरून पडलाय, डोक्याला मार लागलाय, आणि आपण एका साम्राज्याचे वारस आहोत असं त्याच्या मनाने घेतलंय. तो आपली तिजोरी उघडतो. कुलूप वेळेवर उघडणारं असल्यामुळे पावणेचार मिनिटं थांबतो, मग आतून रत्नजडित मुकुट काढून डोक्यावर ठेवतो. पुढे त्याचा चुलतभाऊ खोलीत येतो आणि तो मुकुट बिस्किटांच्या डब्यात परत ठेवायला सांगतो.

त्या एका शब्दाने, डब्याने, अख्खी कथा फिरते. आतापर्यंत जे जे त्याने सांगितलं त्यातलं किती खरं? ती पावणेचार मिनिटं तो कशासमोर उभा होता? मी तिथूनच वही घेतली. प्रत्येक कथेला एक पान, आणि त्यावर एवढंच: सांगतोय कोण, त्याला हे कुणाकडून कळलं, घटना घडून किती वर्षं झाली, आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं. एखाद्या खटल्यातल्या जबान्या तपासाव्यात तसं. हा संग्रह वाचण्याची माझ्यापुरती रीत ठरली ती ही, आणि शेवटच्या पानापर्यंत तिने साथ दिली.

मॅकनची 'द व्हाईट पीपल' ही १९०४ ची कथा एका कोवळ्या मुलीच्या वहीतल्या मजकुराची आहे. परिच्छेद न मोडता ती लिहीत जाते, आणि आपण काय शिकलो, कुणाकडून शिकलो, याचं तिला जराही भय वाटत नाही. भय वाचणाऱ्याला वाटतं. कथा सुंदर आहे, पण तिच्या आगेमागे दोन माणसांची पापपुण्यावरची चर्चा जोडली आहे आणि ती मला ओझं वाटली. वही तेवढीच पुरेशी होती.

'द विलोज'वर मात्र मी खूप रेंगाळले. ब्लॅकवुडची ही १९०७ ची कथा. दोन मित्र लहान होडीतून डॅन्यूब नदीने खाली चाललेत. व्हिएन्ना मागे पडलं, बुडापेस्ट अजून लांब. मधल्या ओसाड पाणथळ भागात नदीला पूर आलाय आणि विलोच्या झुडपांनी भरलेल्या एका वाळूच्या बेटावर त्यांनी तंबू ठोकलाय. बेट तासातासाला झिजतंय. पहिली कित्येक पानं नुसती नदी, वारा आणि झुडपं आहेत. काहीच घडत नाही असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच घडत असतं. सकाळी उठून बघतात तर झुडपं तंबूच्या जवळ आल्यासारखी दिसतात. एक वल्हं नाहीसं झालेलं असतं, होडीच्या तळाला चीर पडलेली असते. वाळूत नरसाळ्याच्या आकाराचे छोटे छोटे खळगे दिसतात. हवेत कुठूनतरी घंटेसारखा नाद येत राहतो, आणि तो कोणत्या दिशेने येतोय ते सांगता येत नाही.

यात एक गोष्ट मी नीट पाहिली. दोघांपैकी निवेदक कल्पक आहे, आणि सोबतचा स्वीडिश मित्र पक्का व्यवहारी, कल्पनाशक्ती नसलेला असं तो आपल्याला आधीच सांगून ठेवतो. मग संकट गडद होतं तेव्हा उलटंच होतं. निवेदक प्रत्येक खुणेला साधं कारण शोधू लागतो, आणि तो व्यवहारी माणूस शांतपणे म्हणतो की आपण दुसऱ्या कुठल्यातरी जगाच्या सीमेवर पाऊल ठेवलंय. त्यांचा विचारही मनात आणू नकोस, कारण मनातूनच ते आपल्याला शोधतील. ज्याच्याकडून धीराची अपेक्षा होती तोच हे बोलतो तेव्हा वाचणाऱ्याच्या पायाखालची वाळूही सरकते. ब्लॅकवुड त्या शक्तींना ना नाव देतो, ना चेहरा. त्या दुष्ट आहेत असंही म्हणत नाही. त्यांचं स्वतःचं काहीतरी चाललंय, आणि दोन माणसं चुकून मध्ये आली आहेत. लव्हक्राफ्टने भयसाहित्यावर एक दीर्घ निबंध लिहिला, तो १९२७ साली प्रसिद्ध झाला. ब्लॅकवुडला त्यात त्याने फार वरचं स्थान दिलं आहे, आणि 'द विलोज' वाचल्यावर का दिलं ते कळतं.

वाचण्याच्या वेळेबद्दल जरा. भयकथा रात्री, दिवा मंद करून वाचाव्यात असं सगळे सांगतात. या कथांना ते लागू पडत नाही असं माझं ठाम मत झालंय. रात्री आपण दचकायला तयार बसलेलो असतो, आणि या कथा दचकवत नाहीत. त्यांना लक्ष हवं असतं, तारखा आणि नावं ध्यानात ठेवणारं ताजं डोकं हवं असतं. मी सकाळी वाचायचे, एका बैठकीत एक कथा, आणि मग दिवसभर ती मागे लागू द्यायचे. दोन कथा सलग वाचल्या की दुसरीची धार जाते, विशेषतः लव्हक्राफ्टच्या बाबतीत. त्याची विशेषणं एकावर एक रचलेली असतात. 'अवर्णनीय' म्हणून पुन्हा तो वर्णन करायला बसतो. एका कथेत हे पेलतं, सलग तीन कथांत नाही.

लव्हक्राफ्टची पहिली मोठी ठेच मला 'द म्युझिक ऑफ एरिक झान'ने लावली. १९२२ साली प्रसिद्ध झालेली छोटीशी कथा. तत्त्वज्ञान शिकणारा एक गरीब विद्यार्थी चढावरच्या एका जुनाट गल्लीत राहतो. त्याच्या वरच्या माळ्यावर एक म्हातारा, मुका जर्मन वादक आहे. रात्री तो असे सूर वाजवतो की तसे कुणी कधी ऐकलेले नाहीत. विद्यार्थ्याला त्या खोलीच्या खिडकीतून शहर बघायचंय, कारण त्या गल्लीत पलीकडचं दिसेल एवढी उंच तीच एक खिडकी. म्हातारा दरवेळी त्याला घाबरून मागे ओढतो. शेवटी एका रात्री म्हातारा सगळी हकिकत कागदावर उतरवायला बसतो, पानामागून पान भरतो. तेवढ्यात बाहेरून एक दूरचा सूर येतो, म्हातारा वाद्य उचलून वेड्यासारखा वाजवू लागतो, खिडकीची काच फुटते आणि वारा ते सगळे कागद उचलून बाहेर नेतो. विद्यार्थी कागद पकडायला धावतो आणि खिडकीशी पोहोचतो. खाली शहराचे दिवे असायला हवेत. तिथे दिवे नाहीत, शहर नाही, फक्त अमर्याद काळं अवकाश, आणि त्यात हालचाल आणि संगीत.

वहीत या कथेचं पान मी भरलं तेव्हा लक्षात आलं की पुरावा म्हणून हाती काहीच राहत नाही. कागद गेले. गल्ली नंतर कुठल्याच नकाशात सापडत नाही. म्हातारा कशाला अडवून धरत होता ते कधीच कळणार नाही, आणि निवेदक म्हणतो की त्याला याचं फारसं दुःखही नाही. पण एक म्हातारा रोज रात्री त्या काळोखाच्या तोंडाशी बसून वाजवत होता, ही गोष्ट मला पुढचे कित्येक दिवस सोडेना.

'द कलर आउट ऑफ स्पेस' ही लव्हक्राफ्टची सर्वोत्तम कथा, यावर मी वाद घालायला तयार आहे. ती १९२७ च्या सप्टेंबरमध्ये 'अमेझिंग स्टोरीज' या विज्ञानकथांच्या मासिकात आली. एका नव्या जलाशयासाठी मोजणी करायला आलेला माणूस दरीतल्या पाच एकर राखाडी, निर्जीव जमिनीबद्दल चौकशी करतो, आणि अ‍ॅमी पिअर्स नावाचा म्हातारा त्याला चाळीसेक वर्षांपूर्वीचं सांगतो. १८८२ च्या जूनमध्ये नेहम गार्डनर या शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडली. विद्यापीठाचे प्राध्यापक आले, तुकडा काढून घेऊन गेले. तो थंड होईना. काचेच्या चंचुपात्रात ठेवला तर रात्रीत तुकडाही गेला आणि पात्रही. वर्णपटात असे पट्टे दिसले की ते नेहमीच्या कुठल्याच रंगांशी जुळेनात. त्या वर्षी फळं कधी नव्हती एवढी मोठी आणि तुकतुकीत आली, आणि चावा घेतला तर कडूजहर. मग झाडं वारा नसताना हलू लागली, गुरं करडी पडून ठिसूळ झाली, आणि मग माणसांची पाळी आली.

यात मला सर्वांत जास्त लागलं ते विहिरीचं. अ‍ॅमी नेहमला सांगतो की पाणी बिघडलंय, वरच्या अंगाला दुसरी विहीर खण. नेहम ऐकतो आणि काही करत नाही. घर त्याच विहिरीचं पाणी पीत राहतं, अर्धवट शिजलेलं जेवत राहतं, नेमाने शेतीची कामं करत राहतं, जणू झोपेत चाललंय. कुणी गाव सोडून जात नाही. आकाशातून जे आलंय त्याने त्यांची जाण्याची इच्छाच प्यायली आहे. आणि लव्हक्राफ्ट हे सगळं गावातल्या बोलण्यासारखं, न ओरडता सांगतो. त्याची लाडकी विशेषणं इथे बरीच आवरलेली आहेत. ही कथा आली त्याच दशकात अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावणाऱ्या तरुण मुली ब्रशाचं टोक ओठांनी नीट करत होत्या, त्यांच्या जबड्याची हाडं झिजत होती आणि त्या न्यायालयात दाद मागत होत्या. कथेचा त्यांच्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण रंग, नकळत पोटात जाणारं विष आणि हळूहळू ठिसूळ होत जाणारं शरीर हे सगळं एकाच काळाच्या हवेत होतं, हे कळल्यावर कथा दुप्पट जड झाली.

शेवटी तो रंग विहिरीतून उसळून हंस तारकासमूहाच्या दिशेने, त्यातल्या डेनेब ताऱ्याकडे निघून जातो. मी तारानकाशा उघडून डेनेब कुठे असतो ते पाहून ठेवलं. पण सगळा रंग जात नाही. मागे वळून बघणाऱ्या अ‍ॅमीला त्यातला थोडा परत खाली पडताना दिसतो. आणि अ‍ॅमी त्यानंतर चार दशकं तिथून जवळच राहतो. इतकं पाहिलेला माणूस अजून तिथून हलला कसा नाही, हा प्रश्न मोजणीवाल्याच्या मनात येतो आणि तिथे अंगावर काटा येतो.

'द कॉल ऑफ कथुलू' सगळ्यांना माहीत असते, निदान त्या समुद्रातल्या प्राण्याचं चित्र तरी माहीत असतं. १९२६ मध्ये लिहिलेली ही कथा 'वीअर्ड टेल्स' या भयकथांच्या मासिकाने आधी परत पाठवली होती, मग १९२८ च्या फेब्रुवारीत छापली. चित्रामुळे मला वाटत होतं ही राक्षसाची कथा असेल. वहीचं पान भरताना दिसलं की कथेचा बहुतेक भाग कागदपत्रांचा आहे. निवेदक थर्स्टन, जो कथा छापली जाईपर्यंत वारलेला आहे. त्याच्या हाती आलेले आजेचुलत्याचे कागद, त्यांत एका तरुण शिल्पकाराची स्वप्नं आणि एका पोलीस निरीक्षकाने सांगितलेली १९०७ मधली, दलदलीत जमलेल्या कथुलूच्या पूजकांवरची धाड. मग एका संग्रहालयात फळीवर पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रात योगायोगाने दिसलेली बातमी. त्या बातमीतला नॉर्वेजियन खलाशी योहान्सन. थर्स्टन ऑस्लोला पोहोचतो तोवर तोही गेलेला. त्याची बायको एक हस्तलिखित देते. ते इंग्रजीत आहे, कारण तिच्या नजरेला पडलं तरी तिला वाचता येऊ नये अशी त्याची इच्छा होती.

या एका बारीक गोष्टीसाठी मी ही कथा पुन्हा पुन्हा वाचेन. जगाच्या तळाशी काय झोपलंय हे ज्याने पाहिलं, त्याला दुसऱ्या कशाहूनही आपल्या बायकोची झोप जपायची होती. लव्हक्राफ्टला माणसं रंगवता येत नाहीत असं म्हणतात, आणि बऱ्याच अंशी ते खरं आहे, पण हे ज्याला सुचलं त्याला काहीतरी नक्की दिसत होतं.

कथेतला भूकंप २८ फेब्रुवारी १९२५ चा आहे, आणि त्या दिवशी कॅनडाच्या क्वेबेकमध्ये खरोखर मोठा भूकंप झाला होता, न्यू इंग्लंडपर्यंत जाणवलेला. त्याच वर्षी १ जानेवारीला एडविन हबलचा निबंध वाचला गेला होता, ज्याने देवयानी ही आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची वेगळी दीर्घिका आहे हे दाखवलं. हबलने तिचं अंतर नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास काढलं, आज आपण पंचवीस लाख म्हणतो. लव्हक्राफ्ट किशोरवयात स्थानिक वर्तमानपत्रांत खगोलशास्त्रावर सदरं लिहायचा. विश्व डोळ्यांदेखत मोठं होत जाताना पाहणारी ही पिढी होती. १९२७ मध्ये 'वीअर्ड टेल्स'च्या संपादकाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलं आहे की आपल्या सगळ्या कथांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: माणसाचे नियम, हितसंबंध आणि भावना यांना या अफाट विश्वात काही अर्थ नाही. पत्रातलं हे वाक्य कोरडं वाटतं, कथेत ते खलाशाच्या कागदांतून येतं तेव्हा पोटात खड्डा पडतो.

कथुलू ज्या बुडालेल्या शहरात झोपलाय, त्याचे दक्षिण पॅसिफिकमधले अक्षांश-रेखांशही कथेत दिले आहेत. नकाशावर ते ठिकाण पॉइंट नेमोच्या जवळपास येतं. पॉइंट नेमो म्हणजे पृथ्वीवर कुठल्याही जमिनीपासून सर्वांत दूर असलेली समुद्रातली जागा, सगळ्यात जवळचा किनारा सुमारे २,६८८ किलोमीटरवर. आज निवृत्त अवकाशयानं त्या परिसरात पाडली जातात. हे वाचल्यावर मी नकाशा बराच वेळ मिटला नाही.

आता जे टाळून चालणार नाही ते. लव्हक्राफ्ट वंशद्वेष्टा होता, आणि तो द्वेष पत्रांपुरता राहिला नाही, कथांतही उतरला. याच कथेतले पूजक कोणत्या वर्णाचे आहेत हे तो ज्या तिरस्काराने लिहितो ते वाचवत नाही. 'द हॉरर अ‍ॅट रेड हुक' ही १९२७ ची कथा तर स्थलांतरितांच्या वस्तीबद्दलच्या किळसेवरच उभी आहे. मला त्याचा राग आला, आणि तो अजून आहे. हे कथेच्या बाजूला ठेवण्यासारखं नाही, कारण ते कथेलाच पोखरतं. ज्याला सगळी मानवजात विश्वासमोर धुळीएवढी दिसते, त्याने त्या धुळीतल्या कणांची प्रतवारी लावत बसावं? जिथे तो शेजाऱ्याला घाबरतो तिथे त्याचं अवकाश आक्रसून एका गल्लीएवढं होतं. व्हिक्टर लव्हॅल या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाने २०१६ मध्ये 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' लिहून रेड हुकची कथा दुसऱ्या बाजूने सांगितली, आणि ती लव्हक्राफ्टलाच अर्पण केली, मनातल्या सगळ्या परस्परविरोधी भावनांसह. रेड हुकच्या कथेनंतर लगेच ती वाचावी.

संग्रहाच्या शेवटी 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' आहे, खरं तर लघुकादंबरीच. १९३१ मध्ये लिहिलेली, 'वीअर्ड टेल्स'ने नाकारलेली आणि १९३६ मध्ये 'अस्टाउंडिंग स्टोरीज'मध्ये तीन भागांत आलेली. अमेरिकन संशोधक रिचर्ड बर्ड दक्षिण ध्रुवावरून विमानाने जाऊन आला होता १९२९ मध्ये, आणि अंटार्क्टिकाचा मोठा भाग अजून कुणी पाहिलाच नव्हता. भूगर्भशास्त्रज्ञ डायर आपली जबानी देतोय, एवढ्याचसाठी की पुढच्या मोहिमेने तिथे जाऊ नये. त्याचा सहकारी लेक याला बर्फाखालच्या गुहेत कोट्यवधी वर्षांपूर्वीचे अनोळखी जीव सापडतात, पिंपाच्या आकाराचे, डोक्याच्या जागी तारामासा. लेक त्यातल्या एकाचं विच्छेदन करतो. मग त्याच्याशी संपर्क तुटतो. डायर पोहोचतो तेव्हा छावणी उद्ध्वस्त, माणसं आणि कुत्रे मेलेले, काही शरीरं कापलेली.

ते पान वाचताना घशाला कोरड पडते. पण डायर पुढे पर्वतांपलीकडच्या त्या जीवांच्या शहरात जातो, भिंतींवर कोरलेला त्यांचा इतिहास वाचतो. ते अवकाशातून आले, त्यांनी शहरं बांधली, स्वतः घडवलेल्या गुलामांच्या बंडात आणि थंडीत ते संपत गेले. आणि जे जीव छावणीत जागे झाले होते, तेच पुढे शहराखालच्या बोगद्यात मरून पडलेले दिसतात. तेव्हा डायर असं काही म्हणतो ज्याची या लेखकाकडून मी अपेक्षाच सोडली होती: बिचारे, ते शेवटपर्यंत शास्त्रज्ञच होते, त्यांच्या जागी आपण असतो तर वेगळं काय केलं असतं, आणि ते काहीही असोत, ती माणसंच होती.

मी तिथून पानं उलटी फिरवून छावणीचं प्रकरण पुन्हा काढलं. आता ते वेगळं वाचता येत होतं. एक बेपत्ता माणूस आणि एक कुत्रा पुढे शहरात सापडतात, काळजीपूर्वक गुंडाळून बांधलेले, जखमांवर चिकटपट्ट्या लावलेल्या, आणखी इजा होऊ नये म्हणून. नमुने सांभाळून नेतात तसे. छावणीतल्या टेबलावर लेकने जे केलं होतं, तेच जाग आलेल्या त्या जीवांनी त्याच्या माणसांवर केलं होतं. हत्यारंही लेकचीच वापरली होती. वहीतल्या त्या पानावर 'सांगतोय कोण' या प्रश्नासमोर मी डायरचं नाव लिहिलं होतं. त्याखाली एक ओळ मोकळी सोडली, जाग आल्यावर चहूबाजूंनी भुंकणारे कुत्रे पाहणाऱ्या त्या पहिल्या जीवासाठी.